जसंच्या तसं

नवव्या फोटोत बरणी होती. देल्गेरमाने मोबाइल सिंकशेजारी उभा केला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मागच्या सज्जातल्या खालच्या फळीकडे पाहिलं. फोटोत होतं तसंच सगळं होतं. डावीकडे तांदळाचा डबा, मधे व्हिनेगरच्या दोन बाटल्या, उजव्या कोपऱ्यात तपकिरी झिलईची ती बुटकी बरणी, तोंडाला फडकं, फडक्यावर निळं रबर. फरक एवढाच, की फोटोतली बरणी कळकट होती आणि ही लखलखत होती. सकाळी जुन्या घरी तिने ती स्वतः घासली होती, मनगट आत घालून, बुडाचा काळा थर नखांनी खरवडून. कोणी सांगितलं नव्हतं. सांगितल्यापेक्षा जास्तीचं काम आपण केलं, याचं तिला दिवसभर आतून बरं वाटत होतं, आणि आता सतराव्या मजल्यावरच्या उन्हात ती बरणी चमकताना पाहून ते पुन्हा एकदा वाटलं. तेवढ्यात मुन आजोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ज्यांचं घर हलवायचं होतं ते हे म्हातारे, सत्त्याहत्तर वर्षांचे, सकाळपासून भाताचा कुकर पोटाशी धरून होते. नव्या घरात सगळ्यांत आधी कुकर गेला पाहिजे म्हणून ट्रकमध्येही त्यांनी तो कोणाला दिला नव्हता. आता तो त्यांनी जागेवर ठेवला, तार जोडली, हात झटकले आणि म्हणाले, "मावशी, आज घर हलवायच्या दिवशीच्या त्या काळ्या नूडल्स मागवू नका हं. मुकादमांनाही सांगा. सगळे इथेच जेवा. नव्या घरातलं पहिलं सूप आमच्या हिच्या हातचं असतं. पाच घरं बदलली, पाचही वेळा." आणि त्यांनी बोट दाखवलं ते बरणीकडे. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. पुरवून पुरवून वापरलं मी. शेवटचं आजच्यासाठी राखून ठेवलंय."

देल्गेरमाला कोरियन अर्धीमुर्धीच कळत होती, पण बोट कळायला भाषा लागत नाही. ती हसली, मान हलवली, "हो आजोबा" म्हणाली, आणि सिंककडे वळून एक धुतलेला वाडगा पुन्हा धुवायला लागली. बरणीत काय होतं ते तिला आता समजत होतं. देंजांग. सोयाबीन आंबवून केलेलं वाटण. तिने ते दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यात पाहिलं होतं, पिवळसर, मऊ, वर चकचकीत कागद लावलेलं. बरणीतलं मात्र जवळजवळ काळं होतं, कडेने सुकलेलं, आणि वर पांढऱ्या बुरशीची जाड साय. वास असा की तिने तोंड फिरवलं होतं. बिचारे म्हातारे एकटे राहतात, त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं म्हणत तिने ते सगळं पिशवीत उपसलं आणि खाली इमारतीच्या उष्टं-खरकटं टाकायच्या यंत्रात नेऊन टाकलं. यंत्राने वजन केलं होतं. सातशे चाळीस ग्रॅम. मग एका बाईच्या गोड आवाजात ते धन्यवाद म्हणालं होतं.

नऊ महिने ती हेच काम करत होती. रोज एक घर मोडायचं आणि संध्याकाळच्या आत दुसरीकडे उभं करायचं. एर्देनेने तिला या टोळीत आणलं, तो तिच्याच भागातला, शिडीच्या गाडीवर काम करायचा. खिडकीला शिडी लावून कपाटं, पलंग, फ्रिज वर चढवायचे ते पुरुषांनी, स्वयंपाकघर मावशीचं. नाव कोणी विचारलं नव्हतं. स्वयंपाकघर करणारी ती मावशी. पहिल्याच दिवशी मुकादम चो याने तिच्या हातात मोबाइल धरला आणि प्रत्येक फळीचा, प्रत्येक खणाचा फोटो काढायला लावला. "बायकांना नवीन घर हवं असतं, पण स्वयंपाकघर जुनंच हवं असतं," तो म्हणाला होता. "डोळे मिटून हात घातला तर मीठ हाताला लागलं पाहिजे. जसंच्या तसं. यापलीकडे तुला कोरियन आली नाही तरी चालेल." ते तिला चटकन जमलं. उन्हाळाभर ती लोकांची घरं जसंच्या तसं करत राहिली. कुठे चमच्यांच्या खणात लपवलेली सिगारेटची पाकिटं, कुठे फ्रिजवर मुलाचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक, कुठे एकाच माणसाची भांडी आणि सहा खुर्च्या. ती काही विचारत नसे. सिगारेटची पाकिटं चमच्यांच्या खाली होती तर चमच्यांच्या खालीच ठेवायची. आणि संध्याकाळी बूचनमधल्या आपल्या तळघरातल्या खोलीत परतली की खोलीत जसंच्या तसं ठेवायला काहीच नसे. एक गादी, एक हिटर, आणि खिडकीतून दिसणारे येणाऱ्याजाणाऱ्यांचे घोटे.

घर हलवणं तिला नवीन नव्हतं, उलट तेवढं एकच तिला येत होतं. मंगोलियात, आर्खांगायच्या गवतात वर्षातून चारदा मुक्काम हलायचा. आई सगळ्यांत शेवटी निघायची. राख भरून घ्यायची, खुंट्यांच्या भोकांत माती दाबायची, जमिनीवर हात फिरवून बघायची. इथे कोणी राहत होतं हे गवताला आठवता कामा नये. आणि नासलेलं, बुरसलेलं काही गाडीत चढवायचं नाही हा तिचा नियम, त्यावरून ती शेजारणींशी भांडायची. नव्या जागी आधी शेगडी आत जायची, मग माणसं. म्हणून आजोबांनी कुकर पोटाशी धरला तेव्हा देल्गेरमाला हा माणूस ओळखीचा वाटला होता. ओळखीचा वाटला म्हणूनच तिने बरणी घासली. हे आता कोणाला सांगणार? परक्या घरात आपलेपणाने हात घातला की असंच व्हायचं, ती स्वतःवर चिडून मनात म्हणाली. साधं परकं राहिली असती तर बुरशीसकट बरणी उचलून आणली असती.

एप्रनच्या खिशात तिची बोटं नकळत गेली. तिथे कागदात गुंडाळलेला आरूलचा खडा होता, वाळवलेल्या दह्याचा, दगडासारखा. हा धरून तिच्याकडे असे अकरा उरले होते. फेब्रुवारीत, नव्या वर्षाच्या सणाला, धाकट्या बहिणीने, उयांगाने, पिशवी पाठवली होती. वर चिठ्ठी: आईने गेल्या उन्हाळ्यात केलेले, शेवटचे, तुझ्या वाट्याचे. आई ऑक्टोबरात गेली. देल्गेरमा तीन महिन्यांच्या पाहुणीच्या कागदांवर आलेली आणि मुदत कधीच संपलेली. घरी गेली असती तर पुन्हा इकडे यायचं दार बंद झालं असतं, आणि आईच्या औषधांचं जे उधार-उसनं मागे राहिलं होतं ते उयांगाच्या गळ्यात पडलं असतं. म्हणून ती गेली नाही. अंत्यविधीच्या दिवशी तिने गुरी शहरात एका दंतवैद्याचं स्वयंपाकघर लावलं, बत्तीस फोटो. रडली ती थेट फेब्रुवारीत, पहिला खडा तोंडात टाकल्यावर. आंबट, थोडा धुरकट, जिभेला खरखरीत. हा आईचाच हात. दुसऱ्या कोणाचं दही असं आंबत नाही. तेव्हापासून दर रविवारी एक. आठवड्याच्या मधे कधी फारच जड झालं तर खिशातल्याला नुसता हात लावायचा.

आईचं विसरणं तिच्यासमोरच सुरू झालं होतं. पण खरं वाढलं ती इथे आल्यावर. जुलैमध्ये उयांगाने फोन लावून आईला दुधाच्या कढईजवळ उभं केलं होतं, ताईला दाखव म्हणून. आईने डाव हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परक्याची वस्तू चुकून हातात आल्यासारखी त्याच्याकडे पाहत राहिली आणि शेजारी उभ्या उयांगाला विचारलं, "देल्गेरमा, हे कशाला असतं गं?" देल्गेरमा पडद्यावर होती. ती ऐकत होती. उयांगाने नंतर समजूत घातली, "बरंच आहे ना गं ताई. तिला वाटतं तू परत आलीस. दिवसभर मला तुझ्या नावाने हाक मारते आणि खूश असते. तू गेलीयस हेच तिला माहीत नाही." ऑक्टोबरापर्यंत आई तशीच खूश होती. तिच्या लेखी देल्गेरमा घरीच होती, चहा करत होती, पाय चेपत होती. हे आठवलं की कोणीतरी आपल्याला घरातून उचलून फोटोबाहेर ठेवल्यासारखं तिला वाटायचं, आणि मग त्या वाटण्याचीच लाज वाटायची, कारण पाय तर उयांगाच चेपत होती.

"मावशी, पाणी ठेवू का उकळायला?" आजोबांनी बाहेरून विचारलं.

"थांबा आजोबा. पाच मिनिटं. फळ्या बाकी." ती सज्जातून जिन्याच्या बाजूला पळाली. एर्देने आणि मुकादम चो तिथे पट्टे गुंडाळत होते. तिने मंगोल भाषेत भडाभडा सांगितलं, एर्देनेने ते चोला सांगितलं, आणि चोने हातातला पट्टा खाली टाकला.

"नासलं होतं म्हणे! अगं बाई, नासवूनच करतात ते! जितकं काळं तितकं भारी!" तो दबक्या आवाजात ओरडला. "नऊ महिने इथलं खातेस, काय खातेस मग? टीव्ही फुटला तर लोक भरपाई घेऊन गप्प बसतात. मेलेल्या बायकोची भरपाई मी कुठल्या गोदामातून आणू?"

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "चूक माझी. पाय धरते."

"धर की. मग तो मुलाला फोन करेल, मुलगा कंपनीला करेल. कंपनी विचारेल, मावशीचे कागद कुठायत? आहेत?"

एर्देने डोकं खाजवत म्हणाला, "मुकादम, खाली दुकान आहे. डबा आणतो. महागातला, गावठी म्हणून विकतात तो. बरणी तर तीच आहे ना. म्हाताऱ्याची जीभ ती, किती कळणार?"

"फसवायचं?" देल्गेरमाने विचारलं.

"ताई, सांगून कोणाचं भलं होणार? त्याचं?"

चोने तिच्याकडे पाहिलं. त्याचा राग उतरला होता, आणि उतरलेल्या रागाखाली तो नुसता थकलेला पन्नाशीचा माणूस होता. "सांगितलंस तर आज तो उपाशी झोपेल. नाही सांगितलंस तर जेवेल. एवढाच हिशेब आहे बघ. तोवर त्याला बोलण्यात गुंतव."

ती आत गेली आणि मोबाइल आजोबांच्या हातात दिला. फोटो दाखवून एकेक फळी तपासू, असं तिने हातवारे करत सांगितलं. आजोबांना ते फार आवडलं. चष्मा चढवून ते फोटोत बघायचे, मग फळीवर, मग पुन्हा फोटोत. साखर पुढे, मीठ मागे. का, तर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि हिने ते मुद्दाम हात पोचणार नाही असं ठेवलं होतं. "माझा हात पोचतो हो," आजोबा म्हणाले, "पण तिला कधी कळू दिलं नाही." तव्याखाली वर्तमानपत्र दुमडून ठेवलेलं, त्या वर्तमानपत्राची तारीखही दोन वर्षांपूर्वीची. तेही त्यांना तव्याखाली हवं होतं. दोन वर्षांत त्यांनी एक चमचा इकडचा तिकडे केला नव्हता. देल्गेरमा प्रत्येक गोष्टीला "हो आजोबा, जसंच्या तसं" म्हणत होती, आणि तिच्या पाठीमागे सज्जाचं दार हलकेच उघडल्याचा, डब्याचा कागद फाटल्याचा, चमच्याने मातीच्या आतल्या अंगाला खरवडल्याचा आवाज तिला ऐकू येत होता. तिने नळ सोडला. पाण्याचा आवाज मोठा असतो. म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही.

सूप त्यांनी स्वतः केलं. बटाटा, कांदा, भोपळा, पालेभाजीची दोन पानं. निळं रबर काढलं, फडकं काढलं आणि बरणी दोन्ही हातांत घेऊन क्षणभर तिच्या चकचकीत अंगावरून अंगठा फिरवला. "घासली वाटतं," ते म्हणाले. "हो," देल्गेरमा म्हणाली. तेवढं एकच खरं तिने दिवसभरात सांगितलं. त्यांनी आत चमचा घातला. वाटण जरा पिवळं होतं; एर्देनेने वरून मिरपूड का काय फासून ते मळवलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी ते पाण्यात विरघळवलं आणि घरभर वास पसरला. चौघं जमिनीवर बुटक्या मेजाभोवती बसले. आजोबांनी आधी पाचव्या जागी एक वाडगा ठेवला, चमचा ठेवला, मग स्वतःचा चमचा उचलला. चो वाडग्यात तोंड घालून बसला होता. एर्देने खिडकीबाहेर बघत होता. देल्गेरमा म्हाताऱ्याच्या घशाकडे बघत होती. घोट खाली गेला.

"हं," आजोबा म्हणाले.

त्यांनी दुसरा चमचा घेतला, तो जिभेवर बराच वेळ ठेवला.

"हीच," ते म्हणाले. "हीच चव. आमच्या हिचा हात." मग त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, पाचव्या वाडग्याकडे बघून म्हटलं, "तुझाच हात." त्यांचे डोळे वाहायला लागले आणि ते पुसत न बसता खात राहिले, भुकेल्या माणसासारखे, भात कालवून.

एर्देनेने सुटकेचा श्वास टाकला तो तिला ऐकू आला. तिला वाटलं होतं आपल्यालाही तसंच वाटेल. झालं भलतंच. ज्या वाटणाची गाडी परवा कुठल्याशा कारखान्यातून निघाली असेल, त्यात या माणसाला बायको सापडली होती, आणि आता ती कुठेच उरली नव्हती, ना बरणीत, ना जिभेवर. ती सातशे चाळीस ग्रॅम उष्ट्याच्या यंत्रात होती. "आजोबा," ती एकदम म्हणाली. आजोबांनी वर पाहिलं. "आजोबा, ते..."

"मावशीला अजून वाढा," चो म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही तिच्या."

आजोबांनी पळी भरून वाढलं. तिने खाल्लं. चव चांगली होती, हे तिला सगळ्यांत वाईट वाटलं.

निघताना त्यांनी तिला थांबवलं. एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत बरणीतलं तीन चमचे वाटण काढलं, झाकण दाबून दाबून लावलं आणि तिच्यापुढे धरलं. "मला पुरेल. तुमचं घर लांब आहे. लांब राहणाऱ्याजवळ घरच्या हाताचं काहीतरी असावं." तिने दोन्ही हातांनी डबी घेतली आणि इतकी खाली वाकली की आजोबा घाबरून "अहो, अहो" म्हणाले.

ट्रकमध्ये ती मधे बसली, डबी मांडीवर. साडेपाच वाजले होते, किम्पोच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या आणि ऊन समोरच्या काचेत शिरलं होतं. चो खुशीत होता. "बघितलंस? रडला पण. माणसाला जे हवं असतं तेच जिभेला लागतं. त्याचं समाधान झालं, तुझं काय गेलं?" एर्देने हसला. देल्गेरमाने सवयीने खिशात हात घातला, आरूलचा खडा काढला, कागद सोडवला. रविवार नव्हता. पण आज फार जड झालं होतं. तिने तो ओठांपर्यंत नेला आणि तिचा हात थांबला.

खडा रेखीव होता. चौकोनी. चारही कडा सरळ, वर लाकडी साच्याची नक्षी. आई साचा वापरत नसे. आई दही मुठीत दाबून सोडायची, प्रत्येक खड्यावर तिच्या चार बोटांचे चर असायचे, आणि लहानपणी त्या चरांत स्वतःची बोटं बसवून बघायचा देल्गेरमाचा खेळ होता. हे तिला माहीत होतं. फेब्रुवारीपासून दर रविवारी हे चौकोन तिच्या हातात येत होते आणि हे तिला माहीत होतं. शिवाय जुलैमधली ती कढई. तो डाव. हे कशाला असतं गं. ज्या बाईला डाव ओळखू येत नव्हता तिने त्याच उन्हाळ्यात पिशवीभर आरूल कसे केले असतील? उयांगाने ते जिल्ह्याच्या बाजारातून आणले होते. उभ्या उभ्या निवडले असतील, पिशवीत भरले असतील, मग बसून चिठ्ठी लिहिली असेल. लिहिताना ती रडली असेल का, की तिनेही एर्देनेसारखा श्वास टाकला असेल? आणि देल्गेरमाने तोंडात टाकून म्हटलं होतं, आईचाच हात. धुरकट. दुसऱ्या कोणाचं असं आंबत नाही.

तिने फोन लावला. तिकडे वारा होता, कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. "ताई? आज कसा काय? बरी आहेस ना?"

"उयांगा, ते आरूल..."

"काय झालं? खराब निघाले का?"

"नाही. आईनेच केले होते ना गं?"

वारा ऐकू येत राहिला. कुत्रं भुंकायचं थांबलं. चोने रेडिओ लावला होता तो एर्देनेने हात लांब करून बारीक केला.

"आईनेच," उयांगा म्हणाली. "म्हणजे काय! खा तू." आणि मग, थांबून, अगदी लहान आवाजात, "का गं? चव वेगळी लागते का?"

देल्गेरमाने समोर पाहिलं. लाल दिवा होता. तिला मुन आजोबांचा अंगठा आठवला, घासलेल्या बरणीवरून हळू फिरणारा, आणि पिवळं वाटण पाहूनही न बोललेलं तोंड, आणि मग ते दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने म्हणणं. त्यांना कळलं असेल का? आता कोणाला विचारणार? तिने खडा तोंडात टाकला. तो आंबट होता, जिभेला खरखरीत, नेहमीसारखा.

"नाही गं," ती म्हणाली. "हीच चव. आईचाच हात."

पलीकडे उयांगाने श्वास सोडला, आणि देल्गेरमा मांडीवरची डबी दोन्ही हातांनी घट्ट धरून दिवा हिरवा व्हायची वाट पाहू लागली.